‘कशी होती ती?’ असं विचारू नका

माझी आत्या माझ्या जन्माआधीच गेली. घरात तिचा एकच फोटो होता, शाळेच्या गॅदरिंगमधला. तिच्याविषयी ठरलेली वाक्यंही दोनच होती : ‘फार हुशार होती’ आणि ‘फार लवकर गेली.’ आजी-आजोबा गेले, काका गेले, मग वडीलही गेले, तेव्हा ही दोन वाक्यं सांगणारंसुद्धा कुणी राहिलं नाही. तिला जवळून ओळखणारं एक माणूस अजून आहे, हे मला त्यानंतर कळलं. ही आत्याची अलिबागची वर्गमैत्रीण. बेने इस्रायली घरातली मुलगी, मॅट्रिक झाल्यावर आईवडिलांबरोबर इस्रायलला गेलेली. आज ती नेगेवच्या वाळवंटातल्या दिमोना गावात लेकीजवळ राहते आणि तिचं वय ऐंशीच्या पुढे आहे. मी ठाण्यात. मध्ये चार हजार किलोमीटर.

मी त्यांना मावशी म्हणते. आमची प्रत्यक्ष गाठ कधी पडलेली नाही, सगळं बोलणं फोनवरच झालेलं आहे. लोकांच्या आठवणी ऐकून त्या नोंदवून ठेवणं, ज्याला मौखिक इतिहास म्हणतात, ते काम मी बरीच वर्षं करते आहे. पण ते समोर बसून. फोनवरून विचारायचं, तेही बोलणाऱ्या माणसाच्या स्वतःविषयी नाही तर कधीच्या काळी हरवलेल्या तिसऱ्याच कुणाविषयी, हे निराळं काम आहे. त्याची रीत वेगळी आहे आणि ती कुणालाही जमण्यासारखी आहे. आपल्यातल्या बहुतेक कुटुंबांत असा एखादा फोन करायचा राहून गेलेला असतो. आईची हॉस्टेलमधली सोबतीण आता न्यू जर्सीत नातवंडांजवळ असते, आजोबांच्या गिरणीतला जोडीदार संपानंतर गावी गेलेला असतो, लहानपणी वारलेल्या मामाचा मित्र इंदूरला किंवा बडोद्याला असतो. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

ताटातूट समजून घ्या

ज्या माणसाशी बोलायचं ते आपल्या माणसापासून का दुरावलं, हे आधी माहीत करून घ्यावं लागतं. बेने इस्रायली लोक कोकणात शेकडो वर्षं राहिले. किहीमकर, नवगावकर, पेणकर, दिवेकर अशी गावांवरून पडलेली त्यांची आडनावं आजही त्याची साक्ष देतात. तेलाचे घाणे हा त्यांचा जुना धंदा. शनिवारी शब्बाथ म्हणून घाणा बंद ठेवत, त्यावरून गावोगाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. अलिबागला त्यांच्या वस्तीची इस्रायळ आळी आणि तिथलं सिनेगॉग आजही आहे. १९४८ साली इस्रायल स्थापन झाल्यानंतरच्या दोन-तीन दशकांत या समाजातली बहुतेक घरं तिकडे गेली.

तिथली सुरुवातीची वर्षं त्यांना सोपी गेली नाहीत. त्यांच्या यहुदी असण्याविषयीच तिथल्या धर्मगुरूंनी शंका काढली आणि इतर यहुद्यांशी त्यांची लग्नं लागण्यात अडथळे आले. त्याविरुद्ध त्यांनी आंदोलन केलं, तेव्हा कुठे १९६४ साली ते अडथळे दूर झाले. भारताने इस्रायलला १९५० मध्ये मान्यता दिली असली तरी दोन्ही देशांचे पूर्ण राजनैतिक संबंध जुळायला १९९२ साल उजाडलं. त्या काळात सामान्य घरात परदेशी फोन नव्हता. दोन मैत्रिणींमध्ये धागा होता तो पत्रांचा. एकीकडून पत्र यायचं थांबलं की दुसरीला काहीच कळायला मार्ग नव्हता.

हे सगळं मला पहिल्या फोनच्या आधी ठाऊक असणं गरजेचं होतं. ‘तुम्ही पत्रं का थांबवलीत?’ हा प्रश्न साधा वाटतो, पण त्यात दोषारोप आहे. ज्या मुलीला नव्या देशात भाषा, नोकरी आणि समाजातली जागा एकाच वेळी कमवायची होती, तिला हा प्रश्न विचारायचाच नसतो.

आधी बातमी, मग मुलाखत

हरवलेल्या ओळखीविषयी विचारताना एक गोष्ट हटकून विसरली जाते. आपल्याला जी बातमी जुनी आहे, ती समोरच्याला नवी असू शकते. आत्या गेल्याचं मावशींना माहीतच नव्हतं. आमच्या घरात त्या दुःखात परदेशी पत्राला उत्तर लिहिण्याचं बळ कुणात नव्हतं. पाच दशकांहून जास्त काळ मावशींची समजूत होती की आपली मैत्रीण लग्न करून संसाराला लागली आणि आपल्याला विसरली.

अशी बातमी मुलाखतीच्या मध्यावर सांगायची नसते. त्यासाठी वेगळा फोन करावा, शक्यतो घरातलं कुणीतरी त्यांच्या शेजारी असताना, आणि तो फोन रेकॉर्ड करू नये. मी आधी त्यांच्या लेकीशी, ताईंशी, बोलले. ताईंनी सांगितलं की आईला स्वच्छ शब्दांत सांग, आडवळण नको. तसंच केलं. मावशी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं, ‘‘आजारी होती का गो? फार दिवस?’’ मला वडिलांकडून जेवढं कळलं होतं तेवढं मी सांगितलं. त्या दिवशी मी त्यांना एकही प्रश्न विचारला नाही. पुन्हा कधी बोलायचं ते त्यांनी ठरवायचं होतं. चार दिवसांनी ताईंचाच निरोप आला, आई म्हणते आता फोन कर.

मुलाखत म्हणजे आपण घ्यायची आणि त्यांनी द्यायची, असं नसतं. हरवलेल्या माणसाची अर्धी गोष्ट त्यांच्याकडे असते आणि उरलेली अर्धी आपल्याकडे. त्यांच्या हक्काची अर्धी आधी त्यांच्या हवाली करावी.

फोनमध्ये काय गळतं

समोरासमोर बोलताना एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. दहा वेगवेगळ्या भाषा तपासून केलेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साधारण हेच माप निघालं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला १५० मिलिसेकंदांच्या आत पोचला तर बोलणं सुरळीत चालतं, आणि ४०० मिलिसेकंदांच्या पुढची दिरंगाई टाळावी. इंटरनेटवरच्या परदेशी कॉलमध्ये रेंज डळमळली की हे माप सहज ओलांडलं जातं. परिणाम असा होतो की मावशी वाक्याच्या मध्ये श्वास घ्यायला थांबतात, मला वाटतं त्यांचं झालं, मी ‘‘बरं, मग?’’ म्हणते, आणि नेमका तेव्हाच त्यांचा पुढचा शब्द माझ्या आवाजाखाली दबतो. दोघीही थांबतात. आठवण तिथेच तुटते.

त्यावर उपाय एकच : त्यांचं वाक्य संपलं असं वाटल्यावर मनात पाच आकडे मोजायचे, मगच तोंड उघडायचं. समोर असताना आपण मान डोलावतो, ‘हं’ म्हणतो. फोनवर प्रत्येक ‘हं’ त्यांच्या बोलण्यावर आदळतो. म्हणून पहिल्यांदाच सांगून ठेवावं, ‘‘मावशी, मी मध्ये बोलणार नाही, पण मी ऐकतेच आहे.’’ एवढ्या वाक्याने पलीकडच्या माणसाची धास्ती जाते.

दुसरी गळती कानाची. जुन्या पद्धतीच्या टेलिफोनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज जातो. स, श, फ यांसारख्या वर्णांचा बराचसा भाग याच्या वर असतो. वयोमानाने कान जातो तोही आधी वरच्या पट्टीतच. म्हणजे ज्या आवाजांना म्हातारपणी कान कमी पडतो, नेमके तेच आवाज साधा फोन गाळतो. व्हॉट्सॲपसारख्या इंटरनेट कॉलवर रेंज चांगली असेल तर आवाजाचा पट्टा यापेक्षा रुंद मिळतो. वृद्ध माणसाशी बोलताना ओरडू नये, सावकाश आणि खालच्या पट्टीत बोलावं. प्रश्न लहान असावा आणि एका वेळी एकच असावा.

व्हिडिओ की नुसता आवाज, हेही त्यांनाच ठरवू द्यावं. मावशींना पहिल्या वेळी माझा चेहरा बघायचा होता. ‘‘नाक आत्याचं घेतलंस,’’ असं त्या म्हणाल्या. त्यानंतर त्यांनीच कॅमेरा बंद करायला लावला. पडद्यावर स्वतःचाच चेहरा दिसत राहिला की बोलायला अवघड होतं, असं त्यांचं म्हणणं. कॅमेरा नसला की माणूस डोळे मिटून बोलू शकतो आणि मिटल्या डोळ्यांनी जुनी गोष्ट जास्त चांगली आठवते, असा माझा अनुभव आहे.

वेळेचाही विचार हवा. इस्रायलचं घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात अडीच तास आणि हिवाळ्यात साडेतीन तास मागे असतं. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी अंधार पडेपर्यंत शब्बाथ, तेव्हा फोन करायचा नाही. म्हाताऱ्या माणसाला सकाळी न्याहारीनंतर हुशारी असते, तेव्हा तिकडची सकाळ गाठावी. एका बैठकीत तासाभरापेक्षा जास्त बोलू नये.

विशेषणं नकोत, कढई हवी

आता मुख्य गोष्ट. पहिल्याच बैठकीत ताईंनी हौसेने विचारलं, ‘‘आई, कशी होती गं ती?’’ मावशी म्हणाल्या, ‘‘चांगली होती. हुशार.’’ म्हणजे आमच्या घरातलंच वाक्य दिमोनाला जाऊन परत आलं. यात मावशींचा काही दोष नाही. ‘कशी होती’ या प्रश्नाला विशेषणांशिवाय उत्तरच नसतं, आणि विशेषणात माणूस दिसत नाही.

त्यानंतर मी विचारलं, ‘‘तुमच्याकडे नव्याच्या सणाला हलवा कोण करायचं?’’ रोश हशाना, म्हणजे यहुदी नववर्ष, त्याला बेने इस्रायली घरांतल्या जुन्या बायका नव्याचा सण म्हणत. त्या सणाला गव्हाच्या चिकाचा हलवा होतो. गहू भिजवून, वाटून, गाळून काढलेला चीक, नारळाचं दूध आणि साखर मंद आचेवर तासन् तास ढवळायची, मग थाळीत ओतून वड्या पाडायच्या. मावशी एकदम बोलायला लागल्या :

‘‘पडवीत व्हायचा हलवा. मोठी कढई, खाली चुलीत झावळ्या. ढवळायला बसलं की उठायचं नाही, हात भरून आला की दुसरीनं घ्यायचा. तुझी आत्या यायची ना मदतीला. ती डाव्या हातानं ढवळायची गो! आजी ओरडायची, अगो उलटं ढवळतेस, हलवा फुटेल. ती म्हणायची, आजी, हलव्याला काय कळतंय डावं नि उजवं? पण हात नाही बदलायचा. शेवटी आजीच गप बसायची.’’

आत्या डावखुरी होती, हे आमच्या घरात मला कुणी सांगितलं नव्हतं. ती वडीलधाऱ्यांना हसून उत्तर द्यायची आणि आपलं तेच करायची, हेही नाही. दुसऱ्यांच्या सणाला त्यांच्या पडवीत बसून कढई ढवळण्याइतकी ती त्या घरातली होती, हेही नाही. मी यातलं काहीच विचारलं नव्हतं. मी फक्त हलवा विचारला होता.

यामागे कारण आहे. फिशर आणि गिसेलमन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात साक्षीदारांना विचारण्याची एक पद्धत बसवली. तिची पहिली पायरी अशी की घटनेविषयी विचारण्याआधी माणसाला मनाने त्या जागी नेऊन उभं करायचं : उजेड कुठून येत होता, आवाज कोणते होते, आपण कुठे बसलो होतो. दुसरी पायरी, जे आठवेल ते सगळं सांगू द्यायचं, बिनमहत्त्वाचं वाटलं तरी. जागा आठवली की तिच्यात घडलेलं सापडतं. शिवाय आपल्या बाजूने वयही असतं. चाळिशीच्या पुढच्या माणसांना आयुष्यभराच्या आठवणी सांगायला लावल्या, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त निघतात, असं अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. मावशींना कालची औषधाची गोळी आठवत नाही, पण १९५८ सालची पडवी लख्ख आठवते.

मी अलिबागला, त्या दिमोनात

दूर असण्याचा एक मोठा फायदा आहे आणि तो समोरासमोरच्या मुलाखतीत मिळत नाही. बोलणारं माणूस आठवणीतल्या जागेपासून लांब असतं, पण विचारणारा त्या जागी जाऊन उभा राहू शकतो.

मी अलिबागला गेले, कानाला फोन लावला आणि म्हणाले, ‘‘मावशी, मी एसटी स्टँडवर आहे. मला तुमच्या घरी न्या.’’ त्यांनी मला चालवलं. इकडे वळ, आता सरळ, उजव्या हाताला घाणा लागेल. तिथे आता घाणा नाही. पण ‘घाणा गेला, दुकान झालंय’ असं मध्येच सांगायचं नाही. आजचं गाव त्यांच्यापुढे उभं केलं की कालचं मिटायला लागतं. ‘‘घाण्याशी काय असायचं?’’ एवढंच विचारायचं. घाण्याशी बैल असायचा, पेंडीचा वास असायचा आणि कोपऱ्यावर आत्या असायची.

‘‘ती आळीत शिरून हाक नाही मारायची. कोपऱ्यावर उभं राहून कंपासपेटी खुळखुळवायची. तो आवाज आला की मी निघायची. माझा भाऊ म्हणायचा, आली तुझी घंटा.’’

पुढे आम्ही किनाऱ्यापर्यंत गेलो. ओहोटी होती, लोक कुलाबा किल्ल्याकडे चालत निघाले होते. मी फोन समुद्राकडे धरला. मावशींनी विचारलं, ‘‘पाणी कुठवर आहे?’’ मग भरती-ओहोटीचा हिशेब दोघींपैकी कुणाला चांगला यायचा, किल्ल्यात गेल्यावर उशीर होऊन पाणी चढायला लागलं तेव्हा कोण घाबरलं आणि कोण चपला हातात घेऊन पुढे झालं, ते सगळं आलं. घाबरल्या होत्या मावशी, आणि पुढे झाली होती आत्या.

प्रत्येकाला जाणं जमणार नाही. पण तिथे राहणाऱ्या कुणाला तरी फोन घेऊन उभं करता येतं, जुना नकाशा जवळ ठेवता येतो, जुनी नावं पाठ करता येतात. कुलाबा जिल्ह्याचा रायगड जिल्हा १९८१ साली झाला. मावशींच्या बोलण्यात जिल्हा कुलाबाच आहे आणि त्यांच्याशी बोलताना माझ्याही. त्या ज्या काळात बोलत असतात, त्या काळातली नावं वापरली की त्यांना थांबून अर्थ लावावा लागत नाही.

जुने फोटो मात्र लगेच पाठवू नयेत. आधी बोलू द्यावं, मग फोटो. फोटो आधी गेला की बोलणं त्या चौकटीतल्या गोष्टींपुरतं होतं. मी आत्याचा गॅदरिंगचा फोटो चौथ्या बैठकीनंतर पाठवला. तोवर मावशींनी त्यांच्या मनातली आत्या सांगून टाकली होती. म्हणून फोटो पाहून त्यांनी जे सांगितलं ते जास्तीचं मिळालं : साडी त्यांच्या आईची होती.

प्रश्नात उत्तर भरू नका

अमेरिकेत १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना ‘लागल्या’ तेव्हा वेग किती होता. काहींना विचारलं, गाड्या ‘धाडकन आदळल्या’ तेव्हा किती होता. आठवड्याने सगळ्यांना विचारलं, फुटलेली काच दिसली का? ‘लागल्या’ ऐकलेल्या ५० जणांपैकी ७ जण हो म्हणाले, ‘आदळल्या’ ऐकलेल्या ५० पैकी १६ जण. फिल्ममध्ये फुटलेली काच नव्हतीच.

ही माणसं विशीतली होती आणि आठवण आठवड्यापूर्वीची होती. साठ वर्षांपूर्वीच्या आठवणीला आपल्या शब्दाचा धक्का किती सहज लागेल, याचा अंदाज यावरून यावा. प्रेमाने ऐकणाऱ्या माणसाकडून ही चूक जास्त होते, कारण त्याला काहीतरी ऐकायचंच असतं. ‘‘आत्या तुमची खूप आठवण काढत असेल ना?’’ असं विचारलं तर मावशी हो म्हणतील, मला बरं वाटावं म्हणून. त्या ‘हो’ला काही किंमत नाही. ‘‘तिच्या पत्रात काय असायचं?’’ हा प्रश्न मोकळा आहे. घरच्या मंडळींनाही हे आधी समजावून सांगावं लागतं. ताई शेजारी बसत, फोन धरत, औषध देत, पण आईच्या तोंडात शब्द देत नसत. ही त्यांची मोठी मदत होती.

साल कसं पकडायचं

आमच्या घरात समज होता की आत्या १९६७ च्या पावसाळ्यात गेली. पत्रात काय असायचं असं विचारल्यावर मावशींनी एका पत्राची गोष्ट सांगितली. पहाटे मांडणीवरची भांडी वाजायला लागली, आत्याला वाटलं मांजर शिरलं, मग आजोबांनी सगळ्यांना अंगणात काढलं, असं तिने लिहिलं होतं. पत्र आता मावशींजवळ नाही. पण पहाटेचा, कोकणापर्यंत जाणवलेला तो धक्का ओळखू येतो. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला. आत्या तेव्हा हयात होती. मग मी नगरपालिकेची जुनी मृत्यूनोंद काढवली. नोंद फेब्रुवारी १९६८ ची निघाली.

म्हणून ‘कोणतं साल?’ असं सहसा विचारू नये. सगळ्यांच्या आठवणीतल्या मोठ्या घटनेच्या आधी की नंतर, ते विचारावं : चीनची लढाई (१९६२), नेहरू गेले (मे १९६४), कोयनेचा भूकंप, मुंबईत टीव्ही आला (१९७२). बसचं तिकीट आण्यांत सांगितलं की ‘नवे पैसे’ म्हटलं, यावरूनही अंदाज बांधता येतो, कारण दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली. खेडेगावात जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये सापडतात. शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मतारीख आणि शाळा सोडल्याची तारीख मिळते.

नोंद आणि आठवण जुळली नाही, तरी आठवण टाकून द्यायची नसते. इटलीतल्या तेर्नी शहरात लुईजी त्रास्तुल्ली हा पोलाद कारखान्यातला तरुण कामगार मार्च १९४९ मध्ये नाटोविरोधी मोर्चात पोलिसांच्या हातून मारला गेला. कित्येक वर्षांनी अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या इतिहासकाराने तिथल्या कामगारांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा अनेकांनी हा मृत्यू १९५३ सालच्या कामगारकपातीविरुद्धच्या आंदोलनात घडल्याचं सांगितलं. पोर्तेल्लींनी ही चूक खोडली नाही. लोकांना तो मृत्यू त्यांच्या सर्वात मोठ्या लढ्यात असायला हवा होता, हे त्यांनी त्यातून वाचलं. आमच्या घरानेही आत्याचा मृत्यू पावसाळ्यात का नेला असेल, याचा मी विचार करते. आजोबांची नोकरी त्या पावसाळ्यात गेली होती. घराने दोन्ही दुःखं एकाच ऋतूत ठेवली.

आवाज जपून ठेवा

कॉल रेकॉर्ड करणारी बरीच ॲप गूगलने २०२२ साली धोरण बदलल्यावर अँड्रॉइडवर बंद पडली. त्यावर सोपी युक्ती आहे. पलीकडच्या घरातल्या माणसाने दुसरा मोबाईल, त्यातला साधा व्हॉइस रेकॉर्डर चालू करून, बोलणाऱ्याजवळ घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवावा. आपण आपल्या बाजूला तसंच करावं. रेंज गेली तरी त्यांचा आवाज त्यांच्या मोबाईलवर स्वच्छ राहतो. नंतर ती फाइल व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावी. पंखा आणि टीव्ही बंद. शक्य असेल तर वेव्ह फाइल करावी. चांगल्या दर्जाच्या, एका ध्वनिवाहिनीच्या वेव्ह फाइलला तासाला साधारण अर्धा जीबी जागा लागते. प्रती तीन ठेवाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या घरात. तासाभराचं बोलणं शब्दशः उतरवायला पाच-सहा तास सहज जातात, पण ते काम त्याच आठवड्यात करावं, कारण पुढचे प्रश्न त्यातूनच निघतात.

संमती रेकॉर्डिंगमध्येच घ्यावी : कशासाठी बोलतो आहोत, कोण ऐकणार, काय छापायचं आणि काय नाही. काही भाग नंतर काढून टाकायचा अधिकार त्यांना द्यावा. या लेखात मावशींचं नाव नाही, कारण त्यांना ते नको होतं. एक आठवण त्यांनी सांगून परत घेतली, तीही इथे नाही.

थांबायला वेळ नाही

ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना घरोघर जाऊन गाठलं आणि त्यांच्या मुलाखतींतून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ साली आलं. त्यांनी त्या बायकांना वेळेत गाठलं म्हणून ती साक्ष आज आपल्या हाती आहे. समोर बसून बोलणं चांगलंच, त्याला पर्याय नाही असं या क्षेत्रातली माणसं फार काळ मानत आली. २०२० च्या टाळेबंदीने सगळ्यांना फोनकडे वळवलं आणि दूरवरूनही नीट काम होतं हे दिसलं. माझं मत त्याही पुढचं आहे. ऐंशीच्या पुढच्या माणसाच्या बाबतीत ‘एकदा जाऊन भेटू’ हे वाक्य म्हणजे बहुधा न भेटण्याची तयारी असते. व्हिसा, तिकीट, रजा जमेपर्यंत ती आठवण राहील याची हमी कुणी देऊ शकत नाही. आज केलेला फोन पुढच्या वर्षीच्या भेटीपेक्षा मोलाचा आहे.

तुमच्या घरातही असा फोटो असेल, ज्याच्याविषयी दोनच वाक्यं उरली आहेत. त्या माणसाला ओळखणारं कोण हयात आहे याची यादी आज रात्री करा आणि जे सगळ्यात म्हातारं असेल त्याला पहिला फोन लावा. शाळेचा रस्ता विचारा, सणाचं रांधण विचारा, पावसाळ्यात घर कुठे गळायचं ते विचारा. त्यांना हवी असलेली बातमी आधी द्या. मध्ये बोलू नका. आणि रेकॉर्डिंगची एक प्रत त्यांच्या घरी आठवणीने पाठवा. तिच्यावर पहिला हक्क त्यांचा आहे.